प्लिमथ नॉच, व्हरमाँट: कूलिजचं गाव बघून आलो, त्याचा मोठा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, रिव्ह्यू लांबलाय, आणि निम्मा जागेचा आहे नि निम्मा माणसाचा, कारण इथे दोन्ही वेगळं काढताच येत नाही. बॉस्टनच्या बाजूला राहणारी आपली मंडळी व्हरमाँटला जातात ती ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला नाहीतर थंडीत स्कीइंगला किलिंग्टनला, वाटेत वुडस्टॉक गावात थांबून फोटो काढतात आणि परत फिरतात. तिथून अजून वीस-पंचवीस मिनिटं गाडी पुढे घातली की रूट १००ए वर डोंगरात प्लिमथ नॉच लागतं. नॉच म्हणजे खिंड. अमेरिकेचा तिसावा प्रेसिडेंट कॅल्विन कूलिज इथे जन्मला, ४ जुलै १८७२ ला, इथेच त्याने प्रेसिडेंटपदाची शपथ घेतली आणि इथेच त्याला पुरलंय. राज्य सरकारने गाव जसंच्या तसं जपून ठेवलंय, नाव कॅल्विन कूलिज स्टेट हिस्टॉरिक साइट, आणि माझ्या मते इथे टॅक्स भरणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी जाऊन यावं.

मी कूलिजचा फॅन आहे, हे लपवत नाही. दर दोन आठवड्यांनी पे स्टब, म्हणजे पगाराची स्लिप बघायची, त्यातली कटिंग बघायची, आणि त्याच दिवशी बातम्यांमध्ये देशाचं कर्ज छत्तीस ट्रिलियनच्या वर गेलं वगैरे ऐकायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं, मग डोक्यात आलं की हे कर्ज कोणी कधी कमी केलंय का तरी. केलंय. त्या शोधात कूलिज सापडला, मग त्याची भाषणं वाचली, मग त्याने स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र वाचलं, आणि तेव्हापासून हे गाव बघायचं मनात होतं. घरच्यांना "चीजची फॅक्टरी आहे" एवढंच सांगितलं आणि ते तयार झाले.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, अकरा वर्षांची लेक, आणि सहा महिन्यांसाठी आलेले बाबा. बाबांबद्दल सांगणं गरजेचं आहे कारण या ट्रिपमध्ये खरी मजा त्यांच्यामुळे आली. बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत वसुली विभागात होते, तेहतीस वर्षं. घरपट्टी, पाणीपट्टी. सायकल, पावती पुस्तक, कापडी पिशवी, आणि मार्च एंड आला की घरी जेवायला यायची वेळ ठरलेली नाही. इथे आले की त्यांना म्युझियम दाखवा, मॉल दाखवा, "छान आहे" म्हणतात आणि बसायला बाक शोधतात. या वेळी दुपारपर्यंत बाक शोधला नाही.

बॉस्टनहून अडीच तास धरा. शेवटच्या टप्प्यात मोबाइलला रेंज जाते येते, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा. वाटेत जेवायला एका ठिकाणी थांबलो, नाव सांगत नाही, व्हेज सँडविच सांगितलं तर आत हॅमचा तुकडा निघाला, परत केलं, पण बाबांचं मन उडालं ते उडालंच, त्यामुळे घरून पोळी-भाजीचा डबा न्यावा हे उत्तम. गावात बाहेर मोकळ्यावर बसून खाता येतं, गवत आहे, सावली आहे.

व्हिजिटर सेंटरला तिकीट काढायचं. आत आधी छोटं म्युझियम आहे, त्याचं आयुष्य लहानपणापासून मांडलंय, त्याला घाईत उरकू नका. नॉर्दॅम्प्टनचा वकील, मग तिथला मेयर, मग मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, मग १९२१ पासून व्हाइस प्रेसिडेंट, आणि १९२३ ला तेव्हाचा प्रेसिडेंट वॉरन हार्डिंग अचानक वारला म्हणून प्रेसिडेंट. गव्हर्नर असताना राज्यातली शंभरावर सरकारी खाती एकत्र करून विसाच्या आसपास आणली होती. स्वतः मात्र नॉर्दॅम्प्टनला जोडघराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहायचा, प्रेसिडेंटपद संपल्यावर परत गेला तोही त्याच भाड्याच्या घरात, स्वतःचं मोठं घर घेतलं ते १९३० मध्ये. बायको हे वाचून म्हणाली, "म्हणजे हा घरी पण तसाच होता." तेच तर. सरकारी पैशाला एक नियम आणि स्वतःच्या पैशाला दुसरा, असं त्याचं नव्हतं.

बाहेर पडलं की गाव सुरू. पांढरी चर्च, एका खोलीची शाळा, धान्याचं मोठं कोठार, त्यात जुनी शेतीची अवजारं, बग्ग्या, स्लेज. कोठारात बाबा पाऊण तास होते, प्रत्येक अवजार कशाचं असेल ते मला सांगत होते आणि पाटीवर वाचलं तर दहातलं आठ बरोबर. रस्त्याच्या कडेला जनरल स्टोअर, आणि त्या दुकानाला मागून चिकटलेल्या छोट्या घरात कूलिज जन्मला. दुकान त्याचे वडील चालवायचे. घर इतकं लहान की चौघं आत गेलो तर पाचव्याला बाहेर थांबावं लागेल. दुकानाच्या वर एक हॉल आहे, गावातल्या नाच-गाण्यासाठी बांधलेला, १९२४ च्या उन्हाळ्यात प्रेसिडेंटचं ऑफिस तिथे होतं. अमेरिकेचा कारभार काही दिवस किराणा दुकानाच्या माडीवरून चालला. वर जाऊन उभं राहिलं की फळ्यांची जमीन, खिडक्या, समोर डोंगर, आणि टेबलं, बाकी काही नाही. मला ती खोली सगळ्यात जास्त आवडली. वेगळं काही बांधलं नाही, गावात होतं ते वापरलं.

समोरच्या बाजूला थोरलं घर, त्याला होमस्टेड म्हणतात. कूलिज चार वर्षांचा असताना कुटुंब इथे राहायला आलं. २ ऑगस्ट १९२३ ला तो वडिलांकडे सुट्टीला आलेला, रात्री सगळे झोपलेले, घरात फोन नाही, आणि मध्यरात्रीनंतर निरोप घेऊन माणूस आला की हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोला वारले. मग पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, वडिलांनी मुलाला प्रेसिडेंटपदाची शपथ दिली, कारण वडील नोटरी होते. शपथ झाल्यावर कूलिज परत झोपायला गेला. ती खोली, ते टेबल, तो दिवा, सगळं तसंच आहे. दोरीच्या अलीकडून बघायचं. माझ्या लेकीला व्हाइट हाउसचा जिना, झुंबरं असलं काही डोळ्यासमोर होतं, ती बघून म्हणाली, "आजोबा, हे तर तुमच्या गावच्या घरासारखं आहे." बाबा म्हणाले, "आपलं सोपा धरून मोठं आहे."

तिथल्या गाइड बाईंशी बाबांचं बोलणं झालं, म्हणजे बाबा मराठीत, त्या इंग्लिशमध्ये, मध्ये मी. बाबांनी विचारलं की वडील फक्त दुकान आणि नोटरी एवढंच करायचे का. त्या म्हणाल्या, नाही, गावातली बरीच कामं त्यांच्याकडे असायची. मला तेच हवं होतं, मी लगेच बाबांना सांगितलं की अहो, ते गावचा टॅक्स गोळा करायचे! वसुलीला जायचे, आणि हा मुलगा बरोबर असायचा. बाबा एकदम वळले. "काय सांगतोस."

आत्मचरित्रात कूलिजने हे एका वाक्यात लिहिलंय, आणि माझ्यासाठी त्याचं सगळं राजकारण त्या वाक्यातून निघतं. तो म्हणतो, वडील टॅक्स गोळा करायला जायचे तेव्हा मी बरोबर फिरायचो, त्यामुळे मला कळलं होतं की टॅक्स बसवला की तो भरायला कोणालातरी राबून पैसे कमवावे लागतात. बस. यात थिअरी नाही, पुस्तकी इकॉनॉमिक्स नाही. दारोदार हिंडलेल्या पोराला दिसलेली गोष्ट आहे.

मी हे बाबांना नीट मराठीत सांगितलं आणि ते काही बोलले नाहीत, बाहेर येऊन पायरीवर बसले. मग म्हणाले, "तुला हळदीच्या नोटा आठवतात का रे?" आठवतात. मी पाचवी-सहावीत असताना शनिवारी दुपारी त्यांच्याबरोबर सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून वसुलीला जायचो. हळदीच्या कामावर जाणाऱ्या बायकांची एक वस्ती होती, तिथून आलेल्या नोटा पिवळ्या असायच्या, बोटांना रंग लागायचा, पिशवीच्या आतल्या बाजूला कायमचा पिवळा डाग होता. एक मावशी पाणीपट्टी हप्त्याने द्यायच्या, शास्ती लागू नये म्हणून धडपड, आणि पैसे देताना आधी हात पदराला पुसायच्या. बाबा संध्याकाळी ऑफिसात भरणा करायला गेले की कॅशियर त्या नोटा वेगळ्या काढून मोजायचा. मला तेव्हा फक्त रंगाची गंमत वाटायची. बाबा पायरीवर बसून म्हणाले, "वर बसून जे बजेट करतात ना, त्यांच्या हाताला तो रंग लागला पाहिजे एकदा."

कूलिजच्या हाताला लागला होता असं मी म्हणीन. ४ मार्च १९२५ च्या शपथविधीच्या भाषणात तो सरळ बोलला की मला काटकसर हवीय ती पैसे वाचवायला नाही, माणसं वाचवायला, कारण सरकारचा खर्च शेवटी कष्ट करणारे स्त्री-पुरुषच उचलतात. त्याच भाषणात पुढे म्हणतो की ज्याची अगदीच गरज नाही असा टॅक्स वसूल करणं म्हणजे कायदेशीर चोरीचाच प्रकार. आज एखादा नेता असं बोलला तर टाळ्या पडतील आणि दुसऱ्या दिवशी खर्च वाढवणारं बिल येईल. याने बोलून दाखवलं आणि साडेपाच वर्षं रोज तेच केलं.

आता आकडे, कारण त्याशिवाय कौतुकाला अर्थ नाही. पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर्ज साधारण १.२ अब्ज डॉलर होतं, युद्धाने ते २५ अब्जांच्या वर नेलं. कूलिज आला तेव्हा २२.३ अब्जांच्या आसपास होतं, तो पदावरून उतरला त्या १९२९ साली १६.९ अब्ज. सहा वर्षांत जवळपास चौथा हिस्सा फेडला. आणि हे टॅक्स वाढवून नाही, कमी करून. इन्कम टॅक्सचा सगळ्यात वरचा दर युद्धात ७७ टक्क्यांपर्यंत गेला होता, १९२१ ला ७३ होता, तो टप्प्याटप्प्याने ५८, ४६ आणि १९२५ च्या उत्पन्नापासून २५ टक्क्यांवर आला. खालच्या उत्पन्नवाल्यांची सूट वाढवली, त्यामुळे बहुतेक साध्या लोकांना केंद्राचा इन्कम टॅक्स भरावाच लागेना. सरकारचा खर्च दरवर्षी ३ अब्जांच्या आसपास बांधून ठेवला, आणि एकही वर्ष तुटीचं नाही, दरवर्षी शिल्लक, ती शिल्लक कर्जात. सुरुवातीला खर्चातला जवळपास तिसरा हिस्सा नुसता व्याजात जात होता. होम लोन घेतलेल्या कोणालाही कळेल की मुद्दल उतरल्याशिवाय तो हप्ता हलका होत नाही. आजचं सांगायचं तर अमेरिकेच्या केंद्र सरकारला शेवटची शिल्लक राहिली ती २००१ साली, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात कर्जावरचं व्याज डिफेन्सच्या खर्चाच्याही पुढे गेलं. एवढं वाचलं की १९२९ चा तो आकडा परत बघावासा वाटतो.

सगळं श्रेय एकट्याचं नाही हेही सांगतो. बजेट ब्युरो, म्हणजे सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र तपासणारं ऑफिस, काढणारा कायदा १९२१ चा, हार्डिंगच्या काळातला. त्याआधी प्रत्येक खातं आपली मागणी थेट काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे घेऊन जायचं, एकत्र ताळेबंद कोणाकडे नाही. ट्रेझरी सेक्रेटरी म्हणजे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन, त्याचं म्हणणं असं की दर फार चढे ठेवले तर श्रीमंत लोक पैसा टॅक्स-फ्री बाँडमध्ये लपवतात, दर उतरवा, पैसा बाहेर येईल. आणि ब्युरोचा प्रमुख जनरल हर्बर्ट लॉर्ड, याच्याबरोबर कूलिज दर आठवड्याला बसून खर्चाची यादी काढायचा, हे काप, ते काप. लॉर्डने सरकारी ऑफिसातल्या कारकुनांना एका वेळी एकच पेन्सिल द्यायचा नियम केला होता, वापरून झालेली परत करायची. मी हे सांगितलं तर बाबा खूश, त्यांच्या ऑफिसला पण रिकामी रिफिल दाखवल्याशिवाय नवीन मिळायची नाही, आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पेन्सिलीने कर्ज फिटत नाही हे कबूल, पण वरचा माणूस पेन्सिल मोजतोय हे कळलं की खालचा माणूस टेंडर काढताना दोनदा विचार करतो.

मला त्याच्या सगळ्यात जास्त कशाचं कौतुक वाटतं सांगू? क्रम. आधी खर्च कापायचा, मग टॅक्स. राजकारण्यांना नेहमी गोड अर्धा भाग हवा असतो, टॅक्स कमी केला सांगायचं आणि खर्च उधारीवर चालू ठेवायचा, म्हणजे तोच टॅक्स पोराबाळांच्या नावावर ढकलायचा. कूलिजने दोन्ही एकत्र ओढलं. त्याला दक्षिण आफ्रिकेतून सिंहाचे दोन छावे भेट आले होते, त्यांची नावं काय ठेवली असतील, एकाचं टॅक्स रिडक्शन आणि दुसऱ्याचं बजेट ब्युरो. माझी लेक हे ऐकून इतकी हसली की परतीच्या वाटेवर आमच्या शेजाऱ्यांच्या दोन मांजरांची नावं बदलून झाली. पण बघा, दोन छावे, दोन्ही बरोबरीचे. एकालाच खायला घालून चालत नाही.

आणि नाही म्हणायची ताकद. १९१० मध्ये वडील व्हरमाँटच्या सिनेटवर निवडून आले तेव्हा याने त्यांना पत्रात लिहिलं होतं की चांगली बिलं पास करण्यापेक्षा वाईट बिलं मारणं जास्त महत्त्वाचं आहे. प्रेसिडेंट झाल्यावर पन्नास वेळा व्हेटो वापरला, म्हणजे काँग्रेसने पास केलेलं बिल अडवलं. १९२४ ला महायुद्धातल्या सैनिकांच्या बोनसचं बिल अडवलं, निवडणुकीचं वर्ष असून, काँग्रेसने तो व्हेटो उलटवला ते वेगळं. शेतमालाचं मॅकनॅरी-हॉगन बिल १९२७ आणि १९२८ असं दोनदा परत पाठवलं. ते बिल आपल्याला पटकन समजेल, हमीभावाच्या जवळचंच, सरकारने देशात चढ्या भावाने माल घ्यायचा आणि उरलेला बाहेर स्वस्तात विकायचा. शेतकऱ्याचा मुलगा, त्या काळी शेतीचे भाव खरोखर पडलेले, सगळा मिडवेस्ट, म्हणजे मधला शेतीचा पट्टा, मागे लागलेला, तरी नाही म्हणाला, कारण भाव बांधला की पेरा वाढतो, मग अजून माल साठतो आणि त्याचे पैसे सगळे भरतात. या मुद्द्यावर मी आणि बाबा गाडीत चांगलेच भांडलो. बाबांचं म्हणणं, शेतकरी बुडत असताना नुसतं गणित दाखवून चालत नाही. मी माझं मत सोडलं नाही, पण त्यांचं म्हणणं हलकं नाही.

१९२७ च्या पुराचंही तसंच. त्या नोव्हेंबरात व्हरमाँटमध्ये भयंकर पूर आला, ८४ माणसं गेली, राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नरसुद्धा वाहून गेला, हजारावर पूल गेले. स्वतःचं राज्य, तरी कूलिज लगेच धावत आला नाही. एका राज्यासाठी वेगळा नियम लावायचा नाही हा त्याचा हिशोब, पण मला वाटतं त्याने यायला हवं होतं, यायला पैसे पडत नाहीत. पुढच्या सप्टेंबरात आला, रेल्वेतून उद्ध्वस्त भाग बघितला आणि बेनिंग्टनला डब्याच्या मागच्या बाजूला उभं राहून आपल्या लोकांबद्दल दोन मिनिटं बोलला, त्यातलं 'शूर छोटं व्हरमाँट' हे आज पण तिथे लोक अभिमानाने सांगतात.

१९२९ च्या क्रॅशचं खापर पण त्याच्यावर फोडतात. तो मार्चमध्ये पदावरून उतरला आणि शेअर बाजार ऑक्टोबरात कोसळला. बाजारातल्या उधारीच्या सट्ट्याकडे त्याने डोळेझाक केली हा आरोप मला काही अंशी मान्य आहे, आणि आयातीवरचे चढे कर त्याने तसेच ठेवले हेही त्याच्या तत्त्वात बसत नाही, तोही शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणारा टॅक्स. पण कर्ज उतरवलेलं होतं म्हणूनच पुढच्यांना वाईट काळात हात सैल सोडता आला, हे कोणी बोलत नाही. भरल्या घरात दुष्काळ सोसणं आणि सावकाराच्या दारात सोसणं यात फरक आहे.

बाबांनी एक प्रश्न विचारला जो मी टाळत होतो. "याने आपल्याला येऊ दिलं असतं का इथे?" नसतं. भारतीयांना १९१७ च्या कायद्यानेच दार बंद होतं, आणि १९२४ चा इमिग्रेशन कायदा, ज्याने उरलेल्या आशियालाही बाहेर ठेवलं आणि युरोपातल्या देशांचा कोटा अजून कमी केला, त्यावर सही कूलिजचीच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं तोही हाच काळ. मी त्याच्या टॅक्सच्या धोरणाचा चाहता आहे, या सहीचा नाही, आणि जाताना हे डोक्यात ठेवूनच जावं असं मला वाटतं.

आता चीज. कूलिजच्या वडिलांनी गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्यांबरोबर मिळून १८९० मध्ये फॅक्टरी काढली, कारण दूध जास्त आणि बाजार लांब, नासण्यापेक्षा चीज करा. एका अर्थी छोटी सोसायटीच, सांगली-कोल्हापूरच्या माणसाला पटकन आपलीशी वाटेल. मध्ये ती बंद पडली, मग कूलिजच्या मुलाने साठच्या दशकात परत सुरू केली, आज पण त्याच इमारतीत चीज बनतं. ग्रॅन्युलर कर्ड प्रकार म्हणतात, दही कापून दाण्यादाण्याचं ठेवून मीठ लावून दाबतात, त्यामुळे चेडरपेक्षा थोडं भुसभुशीत आणि आंबटसर. वरून मेणाचा जाड थर. चव बघायला देतात. जुनं मुरवलेलं मला आवडलं, बायकोला धुरावलेलं, लेकीला साधं. रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते, कधी वासराच्या पोटातलं असतं) कुठलं वापरलंय हे शाकाहारी लोकांनी काउंटरवर विचारून घ्या. बाबांनी चव घेतली, किंमत विचारली, मनात रुपये केले आणि म्हणाले एकच घे. मी दोन घेतले.

शेवटी दफनभूमी. रस्त्याच्या पलीकडे, चढावर, पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर हळू जा पण चुकवू नका. कूलिजांच्या सात पिढ्या तिथे आहेत. प्रेसिडेंटचा दगड बाकीच्यांच्या ओळीतच, तेवढ्याच उंचीचा, नाव, तारखा आणि वर छोटी राष्ट्राध्यक्षाची मुद्रा. पाटी वाचली नाही तर पुढे निघून जाल. शेजारी धाकटा मुलगा, कॅल्विन ज्युनिअर. ३० जून १९२४ ला कूलिजने सरकारी अधिकाऱ्यांसमोर भाषण केलं, माझ्या सगळ्यात आवडीचं, त्यात तो म्हणतो, मी काटकसरीच्या बाजूचा आहे, आणि त्यानंतर अजून काटकसरीच्या बाजूचा. त्याच दिवशी हा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या कोर्टवर मोजे न घालता टेनिस खेळला, पायाला फोड आला, त्यात विष भिनलं, तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, आणि ७ जुलैला तो गेला. आठवड्याच्या आत. पुढे कूलिजने लिहिलंय की तो गेला तेव्हा प्रेसिडेंटपदाचं सगळं वैभव त्याच्याबरोबर गेलं. मी ते भाषण कितीतरी वेळा वाचलं होतं, पण त्या दोन दगडांसमोर उभं राहून तारखा वाचल्यावर घशाशी आलं. त्यानंतरही त्याने दर आठवड्याची ती बजेटची बैठक सोडली नाही. बाबांनी चपला काढून नमस्कार केला. लेकीनेही केला.

१९२७ च्या उन्हाळ्यात, सहज निवडून आला असता तेव्हा, त्याने पत्रकारांना कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या, त्यावर एकच वाक्य, १९२८ ला मी उभं राहणार नाही. आणि घरी गेला. ५ जानेवारी १९३३ ला नॉर्दॅम्प्टनला वारला.

बाकी माहिती: साइट साधारण मे अखेर ते ऑक्टोबर मध्य उघडी असते, तारखा आणि तिकीट निघायच्या आधी बघून घ्या. तीन-चार तास तरी ठेवा. चालायला सगळं खडीचं आणि गवताचं आहे, बूट घाला. गावात कूलिजच्या आईच्या माहेरच्या घरात खायची सोय असते, पण वेळा बघून जा, नाहीतर डबा. लहान मुलांना पळायला भरपूर जागा. मी पाचपैकी पाच देतोय.

दर ४ जुलैला त्याच्या वाढदिवसाला व्हाइट हाउसकडून पुष्पचक्र येतं आणि लोक गावातून चालत दफनभूमीपर्यंत जातात. पुढच्या वर्षी त्यासाठी जाणार आहे. बाबा तेव्हा सांगलीकडे असतील, त्यांना व्हिडिओ कॉल लावायचं कबूल केलंय, पण तिथे रेंजचा भरवसा नाही, म्हणून शूट करून रात्री पाठवीन. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की कोठार परत दाखव, एक लाकडी अवजार कशाचं ते ओळखायचं राहिलंय.